सहा जणांच्या अक्षरातली आयडिया

पालख्या पुण्यातनं पुढं गेल्या की आमच्या मंडळात देखाव्याचा विषय निघतो. मंडळ नारायण पेठेतलं, नदीच्या बाजूचं, लहान. लक्ष्मी रोडवरनं मानाचे गणपती बघत जाणारी गर्दी आमच्या गल्लीत आपोआप वळत नाही, तिला वळवायला काहीतरी वेगळं लागतं, आणि गेल्या वर्षीपर्यंत चार वर्षं आमच्याकडं ते वेगळं काही नव्हतंच. तयार सेट भाड्यानं आणायचा, स्टुडिओतनं आवाज रेकॉर्ड करून घ्यायचा, झालं. लोक यायचे, हात जोडायचे, जायचे. कुणी थांबायचं नाही. मला याचं फार वाईट वाटायचं कारण मी लहान असताना याच मांडवासमोर लोक तासतास उभे राहिलेले मी बघितलेत.

मी चाकणला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द आठवड्यातनं दोनदा कानावर पडतो. एखाद्या पार्टचं रिजेक्शन वाढलं की सगळे बोर्डासमोर उभे राहतात, कारणं मांडायला माशाच्या काट्यासारखं चित्र काढायचं आणि ज्याला जे कारण सुचेल ते सांगायचं. म्हणून गेल्या वर्षी मीच म्हणलं की आपण देखाव्यासाठी नीट ब्रेनस्टॉर्मिंग करूया, नुसती मिटींग नको. अण्णा, म्हणजे आमचे अध्यक्ष, लगेच हो म्हणाले.

पहिली बैठक रविवारी संध्याकाळी झाली. बावीस जण आले, जे आमच्याकडं खूप झाले. मी सुरुवातीला सांगितलं, सगळ्यांनी मोकळेपणानं आयडिया सांगा, कुणाच्या आयडियेला नाव ठेवायचं नाही. आणि वही घेऊन लिहायला बसलो. पहिल्याच मिनिटाला आमचा एक उत्साही कार्यकर्ता, पथकात ताशा वाजवतो, म्हणाला शिवराज्याभिषेक करू, भव्य करू, बत्तीस मण सिंहासन. अण्णा म्हणाले, छान आहे. झालं. तिथनं पुढचा पाऊण तास सगळे राज्याभिषेकावरच बोलत होते, सिंहासन कुठनं आणायचं, घोडा खरा आणायचा का. मधेच कुणी वारीचा विषय काढला तर दुसरा म्हणाला दोन वर्षांपूर्वी झालाय. कुणी मोबाईलच्या व्यसनाचं बोललं तर खजिनदार काका म्हणाले, बजेट कुठंय? नाव ठेवायचं नाही असं मी सांगितलं होतं पण ते कुणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं, आणि अडीच तासांनी दोन चहा आणि वडापाव झाल्यावर माझ्या वहीत नऊ आयडिया होत्या. त्यातल्या चार एकच होत्या, शब्द वेगळे.

घरी येऊन मी ती वही परत बघितली. मी आयडियेसमोर ती सांगणाऱ्याचं नाव लिहिलं होतं. नऊच्या नऊ आयडिया तीन माणसांच्या होत्या. बावीसातले एकोणीस जण अडीच तास बसून काहीच बोलले नव्हते. मागच्या सतरंजीवर पाच बायका बसल्या होत्या, त्यात कोपऱ्यावरच्या वाड्यातल्या आजी, आणि त्यातल्या एकीचाही आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं ही चूक त्यांची नाही, मी ज्या पद्धतीनं मिटींग घेतली तिच्यातच काहीतरी गडबड आहे.

मग दोन-तीन रात्री वाचत बसलो. ही ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत आणली ॲलेक्स ऑसबर्न नावाच्या माणसानं, अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीतला भागीदार. १९३९ च्या सुमारास त्यानं ऑफिसात हे सुरू केलं आणि १९५३ च्या पुस्तकात नीट नियम मांडले. टीका नंतर, डोक्यात येईल ते बिनधास्त सांगा, जितक्या जास्त आयडिया तितकं बरं, आणि दुसऱ्याच्या आयडियेवर आपली चढवा. हे चार नियम मी कंपनीतल्या ट्रेनिंगमधे पाठ केलेत. पण जे कुणी मला सांगितलं नव्हतं ते पुढचं. १९५८ साली येल विद्यापीठात याची परीक्षा घेतली. एकीकडं चार जणांचे गट एकत्र बोलून आयडिया काढतायत आणि दुसरीकडं तेवढीच माणसं, पण प्रत्येक जण एकटा बसून लिहितोय, आणि शेवटी त्यांचे कागद एकत्र करून सारख्या आयडिया एकदाच मोजायच्या. एकट्यानं बसलेल्यांच्या आयडिया जवळजवळ दुप्पट निघाल्या. मी हे वाचून थांबलोच. आपण इतकी वर्षं बोर्डासमोर उभे राहून जे करतोय ते उलटं आहे की काय.

का होतं असं, ते १९८७ साली डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी जर्मनीत प्रयोग करून शोधलं. लोक लाजतात हे खरं, गटात असलं की कामचुकारपणा होतो हेही थोडं खरं, पण सगळ्यात मोठं कारण अगदी साधं निघालं, एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघतात. वाट बघताना डोक्यातलं विसरतं, किंवा समोरच्याचं ऐकून आपलं फालतू वाटायला लागतं, किंवा विषयच पुढं निघून जातो. मला लगेच मागची सतरंजी आठवली. त्या पाच जणींची पाळी आलीच नव्हती.

मग बोलायच्या ऐवजी लिहायचं, अशा एका पद्धतीपाशी मी आलो. १९६० च्या दशकाच्या शेवटी बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसानं मांडलेली, तिला सहा-तीन-पाच म्हणतात. सहा माणसं गोल बसतात, प्रत्येकाच्या हातात एक कागद, पाच मिनिटांत तीन आयडिया लिहायच्या आणि कागद शेजारच्याकडं सरकवायचा. शेजारचा आधीच्या तीन वाचतो आणि त्याखाली आपल्या तीन लिहितो, हव्या तर नव्या, हव्या तर वरच्याच पुढं वाढवलेल्या. सहा फेऱ्या झाल्या की एका गटातनं १०८ आयडिया, अर्ध्या तासात. मला ही फार आवडली कारण यात ऑसबर्नचा चौथा नियम, दुसऱ्याच्या आयडियेवर चढवायचा, तो आपोआप पाळला जातो आणि पाळीची वाट कुणालाच बघायला लागत नाही.

अण्णांना कसं सांगायचं हा मोठा प्रश्न होता. मी आदल्या दिवशी रात्री त्यांच्या घरी गेलो. म्हणलं, अण्णा, उद्या पहिला दीड तास तुम्ही काही बोलायचं नाही, आणि छान आहे असंही म्हणायचं नाही. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकीचं बोलतो असं म्हणायचंय का तुला?" मी म्हणलं, नाही अण्णा, तुमचा मान आहे म्हणून. तुम्ही एखाद्या गोष्टीला चांगलं म्हणलात की पोरं त्याच्या बाहेर विचारच करत नाहीत, त्यांना वाटतं ठरलं आता. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्याच म्हणाल्या, "खरं बोलतोय तो." अण्णा हसले आणि म्हणाले ठीक आहे, मी पण लिहीन सगळ्यांसारखं. त्यांनी हे मान्य केलं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं, हे मी मनापासून सांगतो.

दुसरा प्रश्न म्हणजे प्रश्नच. पहिल्या मिटींगचा प्रश्न होता, यंदा देखावा काय करायचा? इतका मोठा प्रश्न विचारला की माणूस जे आधी बघितलंय तेच सांगतो. मी दोन दिवस हाच प्रश्न घासत होतो, चाकणच्या बसमधे बसून मोबाईलवर लिहायचो आणि खोडायचो. शेवटी असा झाला: आपल्या गल्लीतलं असं काय आहे जे दुसऱ्या पेठेतल्या माणसाला माहीत नाही, आणि दाखवलं तर तो दहा मिनिटं थांबेल? बजेट त्यात मुद्दाम घातलं नाही. खजिनदार काकांना ते पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं होतं की आकडा आधी सांगितला नाही तर पोरं हवेत जातात. मी म्हणलं काका, फक्त पहिला दीड तास हवेत जाऊ द्या, मग आकडा तुम्हीच सांगा.

रविवारी सकाळी दहाला, वाड्याच्या ओसरीत. सकाळ मुद्दाम ठेवली कारण संध्याकाळी बायकांना स्वयंपाकाचं टेन्शन असतं आणि त्यांचं अर्धं लक्ष घरी. अठरा जण आले, सहा-सहाचे तीन गट. गट मीच पाडले, मित्र-मित्र एकत्र येणार नाहीत असे, प्रत्येकात एक तरी साठीच्या पुढचं माणूस आणि एक तरी कॉलेजचं. वाण्याकडनं आणलेले कोरे कागद, पट्टीनं तीन रकाने आणि सहा ओळी आखलेल्या.

आणि पहिल्याच मिनिटाला जे मला आधी सुचायला पाहिजे होतं ते समोर आलं. इस्त्रीवाले काका कागदाकडं बघत बसले आणि हळूच म्हणाले, "मला भरभर लिहायला जमत नाही रे." आजींचा चष्मा घरी राहिला होता. बोलणाऱ्यांची मक्तेदारी मोडायची म्हणून लिहायची पद्धत आणली आणि तिनं न लिहिणारे बाहेर पडणार होते. मी पाच मिनिटं सगळं थांबवलं, बाहेर क्रिकेट खेळणाऱ्या दोन पोरांना आणि आजींच्या नातीला बोलावलं आणि लेखनिक म्हणून बसवलं. काकांनी कानात सांगायचं, पोरानं लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. ज्याला कुणाला ही पद्धत करायचीय त्यानं हे आधीच बघून ठेवावं.

पहिल्या दोन फेऱ्या मला अपेक्षित होत्या तशाच गेल्या. राज्याभिषेक, अफजलखान, वारी, मोबाईल, झाडं लावा, सैनिक. मी फिरत होतो आणि कागद वाचून जरा धास्तावलोच होतो. तिसऱ्या फेरीला तर ओसरीत पूर्ण शांतता, दोघं-तिघं घड्याळाकडं बघतायत, एक पोरगा म्हणाला दादा संपलं, डोकं रिकामं झालं. मी म्हणलं रिकामं झालं तर वरचं वाच आणि त्यालाच काहीतरी जोड. वेळ पाचाची सात मिनिटं केली, कारण पुढच्या फेऱ्यांत आधीचं सगळं वाचायला लागतं आणि प्रत्येकाचं अक्षर लागायला वेळ जातो. आणि चौथ्या फेरीपासनं पेनांचा आवाज परत यायला लागला. नेहमीचं सगळं लिहून संपलेलं असतं ना, आता फक्त स्वतःचं उरतं. ही तिसऱ्या फेरीची शांतता सहन करणं हेच मला त्या सगळ्यात अवघड गेलं, आणि बोलून घेतलेल्या मिटींगमधे आपण नेमके तिथंच चहा मागवतो आणि विषय संपवतो.

आता तो कागद. दुसऱ्या गटातला, मधला रकाना. मी तो अजून जपून ठेवलाय.

सगळ्यात वर एका कॉलेजच्या पोराचं घाईतलं अक्षर: भिडे पूल पाण्याखाली गेला की सगळे व्हिडिओ काढायला जातात, त्याच्यावर काहीतरी कॉमेडी. त्याखाली शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं वळणदार: नदी आपल्याकडं येते की आपण तिच्यात घरं बांधली? त्याखाली आजींच्या नातीचं, म्हणजे आजींचं: नदी आमच्या घरात आली होती. १९६१. त्याखाली अण्णांचं, हो, अण्णांचंच: पाण्याची खूण अजून वाड्याच्या मागच्या भिंतीवर आहे. त्याखाली आमच्या ताशावाल्याचं: ती खूण जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्या उंचीवर सगळ्या गल्लीत निळी लाईट. आणि शेवटी इस्त्रीवाल्या काकांचं, त्या क्रिकेटवाल्या पोराच्या मोठ्या मोठ्या अक्षरात: लोकांना त्या लाईटच्या खाली उभं करायचं आणि आजींनी सांगायचं.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सहा अक्षरं, सहा माणसं, आणि यातल्या कुठल्याही एकाला हे एकट्याला सुचलं नसतं. कॉलेजच्या पोराला तर कॉमेडी करायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेत धरणाचं काम अजून पुरतं झालेलंही नव्हतं, ते सकाळी फुटलं आणि ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, त्याच दिवशी खडकवासलाही फुटलं. नदीकाठच्या पेठा, डेक्कन, सगळं पाण्यात. वाडे कोसळले. पुण्याला पाणी खडकवासल्याचंच, त्यामुळं पूर ओसरल्यावर गावात प्यायला पाणी नाही, दिवे नाहीत, आणि वाड्यावाड्यातल्या बंद पडलेल्या विहिरी लोकांनी परत उपसल्या. ज्यांची घरं गेली त्यांच्यासाठी नंतर वसाहती झाल्या, लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर. तिथं राहणाऱ्या कित्येकांचं मूळ घर आमच्याच पेठांतलं. आणि हे सगळं मला माहीत होतं, शाळेत असल्यापासनं माहीत होतं, मी रोज त्या खुणेजवळ गाडी लावतो. पण देखावा म्हणून ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

तीन गटांच्या कागदांवर मिळून ३२४ चौकटी होत्या, त्यातल्या ७१ रिकाम्या राहिल्या, आणि सारखं काढून टाकल्यावर साधारण १४० आयडिया उरल्या. पहिल्या मिटींगच्या नऊसमोर १४०. मी आकड्यानं हुरळून जाणारा माणूस नाही, त्यातल्या शंभर तरी चालण्यासारख्या नव्हत्या, पण त्या शंभर लिहिल्याशिवाय उरलेल्या चाळीस आल्या नसत्या असं माझं मत झालंय.

मग चहा. कागद ओसरीत दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी टांगले, आणि सगळ्यांनी फिरून वाचायचं. निवडायला मी टिकल्यांची पाकिटं आणली होती, बायका लावतात त्याच, प्रत्येकाला पाच टिकल्या, जी आयडिया आवडली तिच्यावर चिकटवायची. यात एक धोका असतो, अण्णांनी टिकली लावली की मागनं दहा टिकल्या तिथंच. म्हणून आधी प्रत्येकानं आपल्या पाच निवडी चिठ्ठीवर लिहून ठेवल्या आणि मग सगळ्यांनी एकदम उठून लावल्या. निळ्या रेघेच्या आयडियेवर चौदा टिकल्या पडल्या. राज्याभिषेकावर अकरा. वाड्यातल्या विहिरीची गोष्ट म्हणून एक होती तिच्यावर नऊ.

आणि आता बोलायची परवानगी. इथं मी आधी जे समजत होतो ते चुकीचं निघालं. मला वाटायचं टीका म्हणजे आयडिया मारणं. पण खजिनदार काका, ज्यांना मी दीड तास मुद्दाम गप्प बसवलं होतं, त्यांनी जे प्रश्न विचारले त्यातनंच तो देखावा उभा राहिला. नुसता आवाज ऐकत लोक दहा मिनिटं थांबतील का? नाही थांबणार, मग सात करा. निळी लाईट लोकांच्या भिंतींवर लावणार, त्यांची परवानगी? पाऊस आला तर वायरिंगचं काय? रात्री दहाला स्पीकर बंद करायला लागतो, काही ठरावीक दिवशीच बारापर्यंत चालतो, मग उशिरा आलेल्याला काय दिसणार? यावर कुणीतरी म्हणालं, आवाज बंद असला तरी रेघ दिसेलच की. हे उत्तर मला फार आवडलं. राज्याभिषेकाचा अंदाज तीन लाखांच्या घरात जात होता, हा लाखाच्या आत बसत होता, काकांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

सगळ्यात अवघड शंका अण्णांची. ते म्हणाले, "उत्सवात लोक आनंदाला येतात. आपण त्यांना माणसं वाहून गेलेली दाखवायची?" ओसरीत कुणी काही बोललं नाही. प्रश्न खरा होता. अण्णांच्या घरातलंही त्या पुरात गेलंय, ते कधी बोलत नाहीत. मला उत्तर सुचत नव्हतं आणि मी उगाच काहीतरी बोलून तो विषय गुंडाळला नाही एवढंच मी केलं. मग आजी बोलल्या. पहिल्या मिटींगला अडीच तास एक शब्द न बोललेल्या आजी. त्या वेळी त्या नऊ वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी सगळे लकडी पुलाकडं पूर बघायलाच गेले होते, आत्ता ही पोरं जातात तसेच. कुणाला काही कळलंच नव्हतं. पण मला पाण्यापेक्षा त्यानंतरची रात्र आठवते. कुणाच्या घरात कुणाची मुलं झोपली होती याचा पत्ता नव्हता, आणि सकाळी ज्या बाईनं मला भाकरी दिली तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. ते सांगू दे की मला." आणि त्या नऊ टिकल्यावाल्या विहिरीची गोष्ट तिथंच येऊन जोडली गेली. पूर दोन मिनिटं, बाकी सगळं त्या रात्रीचं आणि विहिरीचं. अण्णा म्हणाले, मग करू.

पुढचं सगळं गोड गोड झालं असं नाही. ताशावाला, ज्याचा राज्याभिषेक मागं पडला, तो आठ दिवस मंडळाकडं फिरकला नाही. अकरा टिकल्या म्हणजे काही कमी नव्हत्या, आणि पहिल्या मिटींगनंतर त्यानं घोडेवाल्याशी बोलणीसुद्धा केली होती. मी त्याच्या घरी गेलो, तो कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणलं, ही पाचवी ओळ कुणाची आहे बघ. त्याला खरंच लक्षात नव्हतं. पाचव्या फेरीला कंटाळून काहीतरी लिहिलं असणार. लाईटचं सगळं काम मग त्यानंच अंगावर घेतलं. पण माझ्या मनात राहिलं की निवड झाल्यावर ज्यांचं मागं पडलं त्यांच्याशी त्याच दिवशी, तिथल्या तिथं बोलायला पाहिजे होतं, आठ दिवसांनी नाही.

दुसरा वाद बोर्डावरचा. देखाव्याच्या बोर्डावर संकल्पना म्हणून एक नाव असतं, दरवर्षी. आता कुणाचं लिहायचं? कॉलेजच्या पोराचे वडील म्हणाले सुरुवात त्यानं केली. कुणी म्हणालं आजींचं लिहा, गोष्ट त्यांची. दोन दिवस ग्रुपवर मेसेज चालू होते आणि काही मेसेज बरे नव्हते. ज्या पद्धतीत आयडिया हातोहात वाढते तिथं हा प्रश्न येणारच, तो मी आधी ठरवून घ्यायला पाहिजे होता. शेवटी तो कागदच आम्ही मोठा फोटो काढून बोर्डावर लावला. मधला रकाना, सहा ओळी, सहा अक्षरं. नावं कुणाचीच नाहीत.

खूण टेपनं मोजली तर रस्त्यापासनं अकरा फूट चार इंच भरली. त्या उंचीवर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरनं, मांडवापासनं गल्लीच्या तोंडापर्यंत निळी पट्टी. रस्त्याचा उतार धरून ती सरळ पातळीत ठेवायला ताशावाला आणि वायरमन तीन रात्री पाण्याची नळी घेऊन पातळी काढत होते, कारण पाणी सरळ असतं, रस्ता नाही. गल्लीच्या नदीकडच्या टोकाला ती रेघ रस्त्यापासनं आणखी वर गेली, आणि तिथं उभं राहिलं की पोटात कसंतरी व्हायचं. आजींचा आवाज त्यांच्याच खोलीत, खिडक्या लावून, मोबाईलवर रेकॉर्ड केला. स्टुडिओत त्या बोलेनात. मधे एकदा कुकरची शिट्टी ऐकू येते, ती आम्ही काढली नाही.

गौरी विसर्जनानंतर नेहमी गर्दी वाढते तशी वाढली, आणि गेल्या वर्षी ती आमच्या गल्लीत वळली, कारण लांबनं ती निळी रेघ दिसायची आणि लोक बघायला यायचे हे काय आहे. मग आवाज सुरू झाला की माना वर व्हायच्या. सात मिनिटं लोक खरंच उभे राहायचे. सातव्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ आले, सहकारनगरहून, रांगेतनं बाहेर येऊन भिंतीला हात लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "आमचा वाडा पलीकडच्या बोळात होता. आमच्याकडं चार बोटं जास्त होतं." आणि बराच वेळ बोलत राहिले. कुणाचा माठ कुणाकडं सापडला, दप्तर कसं वाळवलं, शाळा कधी सुरू झाली. मागं लोक खोळंबले होते, मला ऐकायचंही होतं आणि रांगही चालवायची होती. शिक्षिका ताईंनी पटकन आमचे उरलेले आखलेले कागद आणले, तेच, तीन रकान्यांचे, आणि एक टेबल लावून तिथं पेनं ठेवली. शेजारी नातीला बसवलं, ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्यासाठी.

अनंत चतुर्दशीपर्यंत त्या टेबलावर ४३ कागद भरले. काहींवर एकाखाली एक तिघा-चौघांचं लिहिलेलं आहे, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांचं, वरचं वाचून खाली आपलं जोडलेलं, आम्ही कुणाला तसं सांगितलंही नव्हतं. ते सगळे कागद आत्ता खजिनदार काकांच्या कपाटात पावतीपुस्तकांशेजारी आहेत. यंदाची पहिली बैठक रविवारी सकाळी दहाला आहे, ओसरीतच. अण्णांनी टिकल्यांची पाकिटं कालच आणून ठेवली आणि आजींनी चष्मा नव्या नंबरचा करून घेतलाय.